चामड्यावरचा बहिष्कार

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



'बहिष्कार' हा शब्द मराठीत दोन जन्म जगला आहे. पहिला जन्म गावकीतला. ज्याने जातीचा नियम मोडला त्याच्या घरचे पाणी बंद, त्याच्या दारचे लग्नकार्य बंद, न्हावी-परीट बंद. यालाच वाळीत टाकणे म्हणत, आणि पेशवाईतल्या व त्यानंतरच्या ग्रामण्यांची बाडे या शब्दाने भरलेली आहेत. दुसरा जन्म वंगभंगाच्या वेळचा. १९०५नंतर लोकमान्यांनी स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला बहिष्कार ठेवला आणि चतुःसूत्री सांगितली. बलवानाने दुर्बलावर उगारायचे हत्यार दुर्बलाने बलवानावर उगारले, आणि जुन्या शब्दाला नवी प्रतिष्ठा आली. इंग्रजीतला 'बॉयकॉट' हा शब्दही तसाच १८८०च्या आयर्लंडमधला. कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला तिथल्या कुळांनी वाळीत टाकले, त्याच्या आडनावाचे पुढे क्रियापद झाले. कुळांनी कारभाऱ्याला टाकले होते, कारभाऱ्याने कुळांना नव्हे, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

कारण विसाव्या शतकाच्या अखेरीस या शब्दाने तिसरा जन्म घेतला. लंडन-न्यूयॉर्कमधला सुखवस्तू गिऱ्हाईक एखाद्या दूरच्या देशाचा माल नाकारू लागला. तो देश गुलाम करतो म्हणून नव्हे, तर तिथे मुक्या जनावरांचे हाल होतात म्हणून. १९८३ साली युरोपीय समुदायाने सीलच्या पांढऱ्या पिलांच्या कातड्यांची आयात बंद केली; पाठोपाठ ब्रिटनमध्ये कॅनडाच्या मासळीवरच बहिष्काराची हाक दिली गेली. १९९३ साली नॉर्वेने व्यापारी देवमासेमारी पुन्हा सुरू केली, तेव्हा नॉर्वेच्या मालाविरुद्ध असेच आवाहन झाले. आणि २००० साली पाळी आली भारताची. माल होता चामडे.

ही हकीकत रामनगरच्या रस्त्यावरून सांगितली तर अधिक कळते. जोयडे तालुक्यातले रामनगर हे काही जुने गाव नव्हे. काळी नदीवर सुपे येथे धरण झाले, तालुक्याला नाव देणारे सुपे पाण्याखाली गेले, आणि उठलेल्या माणसांची वसाहत म्हणून रामनगर वाढले. बेळगावहून खानापूर, लोंढा करीत येणारा रस्ता इथून अनमोडच्या घाटाने मोल्याला उतरतो आणि गोव्यात शिरतो. घाटावरचे दूध, भाजी, धान्य या वाटेने खाली जाते, आणि पुष्कळ वर्षे जनावरेही गेली. गोव्यात १९७८च्या कायद्याने गायीची कत्तल बंद झाली, पण गोमांस खाणारा समाज होता, पर्यटक होते, फोंडे तालुक्यात उसगावला सरकारी कत्तलखाना होता. लागणारे बैल आणि रेडे मात्र गोव्याच्या चिमुकल्या भूमीत पुरेसे नव्हते. ते घाटावरून येत. आसपासच्या रानात गवळी-धनगरांचे वाडे आहेत, मराठी बोलणारे, म्हशींवर जगणारे. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांच्या अभ्यासामुळे हा समाज विद्वानांना माहीत झाला. बाजाराला तो आधीपासून माहीत होता. भाकड म्हैस आणि निकामी रेडा यांचे काय करायचे, हा त्याच्यापुढचा तत्त्वज्ञानाचा नव्हे, चाऱ्याचा प्रश्न असतो.

असेच रस्ते सगळ्या देशात होते. केरळकडे जाणारे होते, बंगालकडे जाणारे होते. त्यांच्या मुळाशी कायद्यांचे ठिगळकाम होते. गोवंशरक्षण हा राज्यांचा विषय. महाराष्ट्राने १९७६च्या कायद्याने गाय वाचवली, बैलाला दाखल्यानिशी मोकळे ठेवले. कर्नाटकात १९६४चा कायदा होता. त्यात वयाची अट होती. केरळात मुभा बरीच होती. एका राज्यात जे गुन्हा, ते शेजारच्या राज्यात धंदा. म्हणून जनावर चालू लागले. दयेपोटी केलेल्या कायद्यांनी जनावराचे मरण टळले असेल वा नसेल, मरणापूर्वीचा प्रवास मात्र लांबला. हे उमजून घेतल्याशिवाय पुढची हकीकत कळणार नाही.

'पेटा' ही अमेरिकेतली संस्था १९८० साली निघाली. तिच्या संस्थापक इन्ग्रिड न्यूकर्क यांचे बालपण दिल्लीत गेले होते. २००० साली संस्थेने मुंबईत आपली भारतीय शाखा उघडली, आणि त्याच सुमारास भारतीय चामड्यावर जगाने बहिष्कार घालावा अशी मोहीम मांडली. तिने दाखविलेली चित्रे पाहणाऱ्याला जेवण गोड लागले नाही. ट्रकात कोंबलेली, शिंगांनी एकमेकांना भोसकणारी जनावरे. थकून बसलेल्या बैलाला उठविण्यासाठी शेपटीचे हाड मोडणे, डोळ्यांत मिरची-तंबाखू चोळणे. कत्तलखान्यात एकासमोर दुसऱ्याला कापणे. गॅप या प्रचंड अमेरिकन कंपनीने त्याच वर्षी भारतीय चामडे घेणार नाही असे जाहीर केले. अमेरिका-ब्रिटनमधल्या आणखी काही मोठ्या दुकानदारांनी तिचा कित्ता गिरवला. भारताची चामड्याची निर्यात त्या काळी दोन अब्ज डॉलरच्या घरात होती. दिल्लीपासून चेन्नईपर्यंत धावपळ झाली ती काही जनावरांच्या डोळ्यांतल्या पाण्याने नव्हे.

व्यापाऱ्यांनी दिलेली उत्तरे तपासून पाहण्याजोगी आहेत. पहिले उत्तर असे की चामड्यासाठी कोणी जनावर मारीत नाही; ते मांसासाठी मरते, कातडे मागे उरते. हे अर्धे खरे. कातड्याला भाव असतो म्हणूनच कसायाला जनावराची किंमत परवडते. मागे उरलेल्या वस्तूची किंमत पुढच्या वस्तूच्या हिशेबात असतेच, हे कोणताही वाणी सांगेल. दुसरे उत्तर असे की निर्यातीच्या चामड्यात शेळी, मेंढी आणि म्हैस यांचाच वाटा मोठा. हे खरे आहे. पण म्हशीच्या डोळ्यात मिरची गेली तर ती कमी झोंबते असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? गायीच्या नावाने कळवळणारा आपला समाज रेड्याबद्दल इतका निबर कसा, हा प्रश्न परदेशी संस्थेने विचारायला नको होता, आपण विचारायला हवा होता. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा सांगणाऱ्या समाजाने तरी. तिसरे उत्तर राष्ट्राभिमानाचे: हे परकीयांचे कारस्थान आहे, आमची निर्यात पाडण्याचा डाव आहे. या उत्तरात सोय पुष्कळ, तथ्य थोडे. कारण दाखविलेले हाल ज्या नियमांविरुद्ध होते, ते नियम परकीयांनी केलेले नव्हते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या संसदेने १९६० साली केला. त्याखालच्या १९७८च्या नियमांप्रमाणे एका मालमोटारीत सहापेक्षा अधिक गुरे नेता येत नाहीत. सहाच जनावरे असलेली मोटार अनमोडच्या नाक्यावर किती जणांनी पाहिली असेल, ते ज्याने त्याने आठवावे.

बहिष्काराच्या दुसऱ्याच वर्षी, २००१ साली, केंद्र सरकारने जनावरे पायी नेण्याविषयी आणि कत्तलखान्यांविषयी नवे नियम केले. गाय-बैलाला दिवसातून ३० किलोमीटरपेक्षा अधिक चालवू नये, सूर्यास्तानंतर चालवू नये, असे त्यांत लिहिले आहे. प्राणिकल्याण हा विषय त्या काळी मनेका गांधी यांच्याकडे होता, आणि त्या या बाबतीत कधीच मवाळ नव्हत्या. त्यामुळे नियमांचे सारे श्रेय गॅपच्या दुकानाला देणे बरोबर नाही. पण गिऱ्हाइकाने पाठ फिरविल्यावर नियमांची आठवण लवकर होते, एवढे म्हणायला हरकत नाही.

इथवर बहिष्काराची बाजू बळकट दिसते. आता दुसरी बाजू. भारतीय चामडे म्हणजे कोणाचे चामडे? वाणियंबाडीतल्या शेळीच्या कातड्याचे, कानपूरच्या म्हशीच्या कातड्याचे आणि अथणी-निपाणीकडच्या चपलेचे. हाल झाले ते एका रस्त्यावर, एका ट्रकात, एका कत्तलखान्यात. बहिष्काराच्या पत्रकात मात्र नाव आले देशाचे. ट्रकवाल्याचे नाव कोणाला माहीत नव्हते, दलालाचे नाव कोणी विचारले नाही. आणि या धंद्याच्या तळाशी जी माणसे होती ती कोण होती? त्यांच्यावर बहिष्कार पडला तो २००० साली नव्हे. तो शतकांपूर्वीच पडलेला होता.

ढोर, चर्मकार, महार, मांग. मेलेले जनावर ओढून नेणे, सोलणे, कमावणे, शिवणे ही कामे गावाने यांच्या गळ्यात बांधली आणि त्याच कामासाठी यांना गावाबाहेर ठेवले. आपल्या सीमाभागात या दुःखाची स्मृती बाराव्या शतकापर्यंत मागे जाते. कल्याणच्या शरणांत हरळय्या होते, जोडे शिवणारे. बसवण्णांनी आपल्याला उलट नमस्कार केला, याची उतराई म्हणून त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून अर्पण केले, अशी कथा कानडी मुलखात आजही सांगतात. कक्कय्याही त्याच मेळ्यातले. आपल्याकडचा ढोर समाज त्यांचे नाव अभिमानाने लावतो. कातड्याची किंमत कातड्यानेच चुकविणाऱ्या माणसाची ती कथा आहे. जनावराच्या कातड्याचा प्रश्न आपल्याकडे माणसाच्या कातड्यापासून वेगळा कधी काढताच आलेला नाही.

गांधीजींना हे दिसले होते. मारलेल्या जनावराचे कातडे नको, आपसूक मेलेल्याचे घ्या, असा त्यांचा आग्रह होता. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले ते याच विचाराने. गावोगाव मेलेल्या गुरांची कातडी कुजून जातात, ती नीट कमावली तर गरिबाला रोजगार आणि अहिंसकाला पायताण, असा दुहेरी हिशेब होता. आजच्या भाषेत बोलायचे तर तो बहिष्कारच होता. पण टाकण्याबरोबर घेण्याचीही सोय लावणारा. काय घेऊ नये हे सांगून गांधीजी थांबले नाहीत, काय घ्यावे तेही त्यांनी उभे केले.

परंतु त्याच्या आधीच, १९२७च्या मार्चमध्ये महाडला, डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितले होते की मेलेली जनावरे ओढणे सोडा. पुढच्याच महिन्यात त्यांनी काढलेल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' होते, हा योगायोग नव्हे. जो गावाकडून बहिष्कृत आहे त्याने गावाच्या घाण कामावर बहिष्कार घालावा, असा तो सरळ न्याय होता. आता या दोन थोरांची सांगड कशी घालायची? मेल्या जनावराच्या कातड्यात जनावराला हिंसा नाही, हे कबूल. पण ते ओढून आणणाऱ्या माणसाला जर तेच काम जन्माने बांधून दिलेले असेल, तर त्या जोड्यात हिंसा नाही असे म्हणता येईल का? नालवाडीच्या प्रयोगात उच्चवर्णीय तरुणांनी स्वतः कातडी हाताळली हे त्याचे मोठेपण. पण तसे तरुण किती निघाले? प्रयोग मागे पडला याचे कारण कदाचित अर्थशास्त्रात नसून इथे असावे.

विनोबांचा मार्ग आणखी वेगळा. गोवधबंदीसाठी १९७९च्या एप्रिलात त्यांनी उपवास केला. ११ जानेवारी १९८२ रोजी त्यांच्या सांगण्यावरून मुंबईच्या देवनार कत्तलखान्यापुढे सत्याग्रह सुरू झाला. अच्युतभाई देशपांडे त्याचे धुरीण होते. विनोबा त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले, सत्याग्रह मात्र पुढे कित्येक वर्षे चालला. रोज काही माणसे येत, फाटकापुढे बसत, पोलीस उचलून नेत, दुसऱ्या दिवशी दुसरी येत. जगाच्या बाजारपेठांवर त्याचा परिणाम झाला नाही, दूरदर्शनच्या पडद्यावर तो फारसा आला नाही. गॅपच्या एका पत्रकाने जी खळबळ उडाली तिच्या शतांशही त्या फाटकापुढच्या माणसांना लाभली नाही. तरीही दोन्हींची तुलना करताना एक फरक विसरता येत नाही. देवनारला बसलेला माणूस स्वतः ऊन खात होता. दुकानातल्या गिऱ्हाइकाला भारतीय बुटाऐवजी दुसऱ्या देशाचा बूट मिळत होता, आणि तो देश आपली जनावरे कशी वागवतो हे त्याने विचारले असेलच असे नाही.

देशाच्या नावाने घातलेल्या बहिष्काराचे दुखणे हेच. सीलच्या पिलांवर दया करताना युरोपने उत्तरेच्या इन्युइट लोकांना कायद्यातून वगळले होते. त्यांची शिकार पोटासाठी आहे हे मान्य केले होते. पण बाजार कायद्याची पोटकलमे वाचीत नाही. कातड्यांचा भावच कोसळला आणि ज्यांना वगळले होते तेच आधी बुडाले. आपल्या घरातले उदाहरण बेडकांचे. पावसाळ्यात पकडलेल्या बेडकांच्या तंगड्या भारतातून युरोप-अमेरिकेला जात. १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली, आणि ते फार उत्तम झाले, कारण बेडूक गेले की शेतातले किडे वाढतात. पण खाणाऱ्यांनी खाणे सोडले नाही. मागणी इंडोनेशियाकडे वळली. आणि अनमोडचा घाट उतरून गोव्यात गेले की पहिल्या पावसात 'जंपिंग चिकन' या विनोदी नावाने बेडूक ताटात येण्याची रीतही त्या बंदीने मोडली नाही.

पुढचा भाग अलीकडचा आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने १९९५ साली केलेली दुरुस्ती २० वर्षे पडून होती. २०१५च्या मार्चमध्ये ती अमलात आली आणि बैलाची कत्तलही बंद झाली. कर्नाटकाने नवा कायदा केला, तो जानेवारी २०२१पासून लागू झाला. त्यात बैल संपूर्ण आणि १३ वर्षांखालची म्हैस-रेडा कत्तलीपासून वगळले. गोव्यात मांसाचा तुटवडा पडला, पणजीत धावपळ झाली. रामनगरच्या रस्त्यावरून खाली जाणारी जनावरे कायद्याने थांबली. मग घाटावर राहिलेल्या जनावराचे काय झाले? कारहुणवीला ज्याची शिंगे रंगविली, ज्याला पोळी भरविली, तो बैल म्हातारा झाल्यावर ट्रॅक्टर आलेल्या घरात त्याला वैरण कोण घालणार? पांजरपोळांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, मुंबईचा पांजरपोळ १८३४चा. पण प्रत्येक तालुक्यात पांजरपोळ नाही, आणि आहे तिथे वैरणीला पैसा पुरत नाही. ज्याने दावे सोडले त्याच्यावर कोणीही बहिष्कार घालीत नाही, कारण सोडून दिलेले जनावर कोणत्याही मालाच्या वेष्टनावर लिहिलेले नसते.

आणि कारागीर? कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चार-चार जिल्ह्यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. सीमेवरून भांडणाऱ्या दोन राज्यांना जे पुढाऱ्यांनी साधले नाही ते चपलेने साधले. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, कातड्याच्याच वादीने घातलेले टाके, लोखंडी खिळा नाही. हिरडा हा याच सह्याद्रीच्या रानातला. रसायनांनी नदी नासविणाऱ्या कमावणीच्या तुलनेत ही जुनी रीत सौम्य आहे, हे पर्यावरणवाल्यांनीही मान्य करावे. २०१५नंतर मात्र बैलाचे जाड कातडे दुर्मिळ आणि महाग झाल्याची तक्रार कारागिरांनी सतत केली. वास्तविक मेलेल्या बैलाचे कातडे घ्यायला कोणताही कायदा आड येत नाही. आड येते ती भीती: रस्त्यात अडवून, हे कातडे मेलेल्याचे की मारलेल्याचे असे कोणी विचारले तर पुरावा कुठून आणायचा? कातडे बोलत नाही. ज्याने वाहून नेले त्यालाच बोलावे लागते, आणि त्याचे बोलणे रस्त्यावर कोण ऐकून घेतो?

२०२५च्या जूनमध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या नव्या पोशाखांच्या प्रदर्शनात जी पायताणे दाखविली ती हुबेहूब कोल्हापुरी होती. आधी कोणाचे नाव नव्हते. महाराष्ट्रात ओरड झाली, तेव्हा कंपनीने उगम मान्य केला. वर्षअखेरीस दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाल्याचे जाहीर झाले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या पाश्चात्त्य बाजाराने भारतीय चामड्याकडे पाठ फिरविली, त्याच बाजाराने ती चप्पल काचेच्या कपाटात ठेवायला घेतली. कातडे कोणत्या जनावराचे, ते कुठून चालत आले, त्याला वाटेत पाणी मिळाले का, हे या खेपेला फारसे कोणी विचारले नाही. नाव कोणाचे लावायचे एवढाच वाद झाला. तो वादही न्याय्यच होता.

पुण्यात १९७४ साली सुरू झालेली 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही संस्था कोणत्या वस्तूत प्राण्याचा कोणता अंश आहे हे ग्राहकाला वर्षानुवर्षे सांगत आली. तिची वाट देशाच्या नावाने जात नाही, वस्तूच्या नावाने जाते. आणखी एक पाऊल पुढे जाऊन वस्तूच्या मागची वाट सांगता आली, हे कातडे अमुक गावच्या अमुक गोठ्यात आपसूक मेलेल्या म्हशीचे, अमुक कारागिराने अमुक दराने घेतलेले, असे चपलेच्या चिठ्ठीवर लिहिता आले, तर गिऱ्हाइकाला साऱ्या देशाला वाळीत टाकण्याची गरज उरणार नाही आणि ट्रकवाल्याला देशाच्या नावाआड लपता येणार नाही. मानांकनाच्या कागदांत भूगोल नोंदलेला आहे, जनावराची नोंद नाही. जोयड्याच्या गवळीवाड्यावर मेलेल्या म्हशीचे कातडे अथणीच्या कारागिरापर्यंत उजळ माथ्याने पोचावे, एवढी व्यवस्था दोन्ही महामंडळांनी मिळून करायची म्हटली तर तिला मिलानची परवानगी लागत नाही. पशुवैद्याचा एक दाखला लागतो, आणि तो दाखला मागायला गेलेल्या माणसाला पायरीवर ताटकळत न ठेवणारे एक कार्यालय.